दिवस कोणाचा? रोमन काव्यातील नागरिक आणि गाथासप्तशतीतील पामर

१

प्राचीन काव्याकडे समाजेतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा मराठी अभ्यासात चांगलीच रुळलेली आहे. गाथासप्तशतीच्या बाबतीत तर ती जवळजवळ नियमच होऊन बसली आहे. स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ च्या विस्तृत आवृत्तीमुळे हा माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रह मराठी वाचकाच्या हाती आला. त्यानंतर गाथांमधून पिके, अवजारे, अलंकार, सण आणि नातेसंबंध यांची वेचणी करून सातवाहनकालीन महाराष्ट्राचे लोकजीवन उभे करण्याची एक पद्धतच तयार झाली. युरोपात रोमन साहित्याच्या वाट्यालाही हेच आले. जेरोम कार्कोपिनो यांनी १९३९ मध्ये साम्राज्याच्या भरभराटीच्या काळातील रोमचे दैनंदिन जीवन चितारले, तेव्हा रोमन पुरुषाचा दिवस पहाटेपासून रात्रीच्या भोजनापर्यंत रचताना त्यांनी मार्शल, युव्हेनल आणि धाकटा प्लिनी यांचा मोठा आधार घेतला.

या दोन्ही पद्धतींमागे एक गृहीत आहे. काव्य ही खिडकी आहे आणि तिच्यातून पलीकडचा दिवस जसाच्या तसा दिसतो, असे ते गृहीत. परंतु दिवस ही काही निसर्गतः सांगून ठेवलेली वस्तू नव्हे. सूर्य उगवतो आणि मावळतो एवढेच निसर्गाचे. त्या दोहोंमधील काळाचा 'दिनक्रम' होतो तो कोणीतरी तो सांगतो म्हणून. आणि सांगण्याला आकृतिबंध असतो. रोमन कवींनी पुरुषाचा दिवस ज्या आकृतिबंधात सांगितला तो गाथाकारांचा नव्हे. हा भेद दोन समाजांतील चालीरीतींचा आहे असे समजून आजवर सोडून देण्यात आले. प्रत्यक्षात तो निवेदनाचा भेद आहे, आणि कोणत्या पुरुषाला साहित्यात 'दिवस' मिळतो हे त्यावरूनच ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. गाथांची भूमी आणि रोम यांच्यात प्रत्यक्ष देवघेव होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर यांचा उल्लेख येतो. तेथील माल, विशेषतः तगरचे सुती कापड, भडोचच्या बंदराकडे जात असे. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्शिअस शोषून घेतो, अशी थोरल्या प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या सत्तेखालील प्रदेशांच्या नामावळीत नाशिकच्या लेण्यातील शिलालेख 'विदर्भ' हे नाव देतो. आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिमेस लागूनच असलेल्या वाशीम भागात, तऱ्हाळा येथे, १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला आणि वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. तेव्हा रोमन नागरिकाच्या अंगावरील सुती वस्त्र आणि काळ्या मातीतला कापसाचा पेरा ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती. एका टोकाने आपला दिवस तपशीलवार लिहून ठेवला. दुसऱ्या टोकाचा दिवस कोणी सांगितला, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

२

मार्शलच्या चौथ्या पुस्तकातील आठवे सुभाषित रोमन दिनक्रमाचे सर्वांत नीटस कोष्टक मानले जाते. पहिला आणि दुसरा तास आश्रयदात्याच्या दारी मुजऱ्याला जाणाऱ्यांचा, तिसरा वकिलांचा, पाचव्यापर्यंत नाना उद्योग, सहावा विश्रांतीचा, सातव्यात कामाची अखेर, आठव्यापासून नवव्यापर्यंत व्यायाम, नवव्यात भोजनाचे आसन, आणि दहावा तास कवीच्या पुस्तकाचा. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग करण्याची रोमन पद्धत असल्याने उन्हाळ्यात तास लांब आणि हिवाळ्यात आखूड होई. तासाची लांबी अशी बदलत असली तरी कोष्टक बदलत नाही.

या कोष्टकाला समाजदर्शन म्हणण्यापूर्वी ते कशासाठी रचले आहे हे पाहिले पाहिजे. ते सम्राटाच्या भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला उद्देशून आहे आणि त्याचे प्रयोजन शेवटच्या तासात आहे: पुस्तक सम्राटासमोर केव्हा ठेवावे, ही ती विनंती आहे. म्हणजे नगराच्या दिवसाचे हे चित्र एका आश्रित कवीच्या अर्जाची प्रस्तावना आहे. पहाटे टोगा अंगावर चढवून श्रीमंताच्या उंबऱ्यावर उभे राहण्याचा ज्याला कंटाळा येतो, आणि ते केल्यावाचून ज्याचे चालत नाही, त्या माणसाने हा दिवस मोजला आहे. युव्हेनलच्या पहिल्या उपहासिकेतही आश्रितांच्या रांगेतील शिध्याची हीच वाटणी दिसते. रोमन पुरुषाचा दिवस असा आरंभापासून दोन पुरुषांमधील उतरंडीवर उभा आहे.

होरेसचा दिवस याच्या उलट बाजूने सांगितलेला आहे. पहिल्या पुस्तकातील सहाव्या उपहासिकेत हा मुक्त केलेल्या दासाचा मुलगा अभिमानाने सांगतो, की त्याला मुजऱ्याला जाणे नाही आणि कोणाचा मुजरा घेणेही नाही. तो एकटा हिंडतो, भाजी आणि धान्याचे भाव विचारतो, संध्याकाळी चौकात रेंगाळतो आणि घरी साधे जेवण जेवतो. साधेपणाचे हे चित्र मोहक आहे. परंतु ते साधे जेवण वाढायला तीन दास पोरे उभी आहेत, हे होरेस त्याच सहजतेने नोंदवून जातो. दास त्याच्या दिवसात आहेत. त्यांना स्वतःचा दिवस नाही. धाकट्या प्लिनीचे पत्रही असेच आहे. तुस्कन भागातील उन्हाळी वाड्यात तो जागा होतो, खिडक्या मिटलेल्याच ठेवून मनात रचना करतो आणि मग लेखनिकाला बोलावून ती सांगतो. हे लिहून घेणारा माणूस केव्हा उठला, हा प्रश्न त्या पत्राच्या आकृतिबंधातच उद्भवत नाही.

रोमन साहित्यात 'दिवस' सांगण्याचा अधिकार असा विरामाच्या मालकीशी जोडलेला आहे. ज्याच्याजवळ रिकामा वेळ आहे तोच वेळेचे भाग पाडू शकतो. ज्याच्याजवळ तो नाही त्याचा वेळ दुसऱ्याच्या हिशेबात जमा होतो. हा हिशेब खरोखरच लिहिला गेला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील केटोच्या शेतीविषयक ग्रंथात शेतावर राबणाऱ्या दासाला हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात साडेचार माप गहू द्यावा असे सांगितले आहे. आणि मालकाने काय विकून टाकावे या यादीत म्हातारे बैल, जुनी अवजारे, म्हातारा दास आणि आजारी दास हे एका ओळीत आले आहेत. पुढे व्हॅरोने शेतीच्या साधनांचे वर्गीकरण करताना दासांची गणना बोलत्या साधनांत केली. साधनाला वाचा असते, पण दिनक्रम नसतो, असाच याचा अर्थ होतो.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्हींचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला 'मोरेतुम' या काव्याचा. परंपरेने व्हर्जिलच्या नावावर घातलेल्या या सुमारे सव्वाशे ओळींच्या काव्यात सिमुलुस नावाचा गरीब शेतकरी हिवाळ्याच्या अंधारात चाचपडत उठतो, विस्तव फुंकतो, धान्य दळतो, भाकर करतो, लसूण आणि चीज कुटून कालवण करतो आणि बैल जुंपून शेतावर जातो. श्रमिकाची सकाळ इतक्या बारकाईने सांगणारे काव्य प्राचीन जगात दुर्मिळच आहे. मात्र या तपशिलाची भाषा महाकाव्याची आहे. लसूण कुटण्याला वीरकर्माचा डौल चढवून कवी वाचकाला स्मित करायला लावतो. शिवाय सिमुलुसला मन नाही. तो सकाळभर काय करतो ते कळते. तो काय टाळतो, हे कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजच्या ट्युनिशियातील मक्तार येथे सापडलेल्या तिसऱ्या शतकातील एका पद्यमय मृत्युलेखात एक शेतमजूर स्वतःच बोलतो. बारा वर्षे त्याने उन्हात कापणी केली, मग अकरा वर्षे तो कापणीच्या टोळीचा मुकादम होता, मग त्याने घर आणि शेती घेतली आणि अखेर नगराच्या कारभाऱ्यांत जाऊन बसला. येथे श्रमिकाला प्रथमपुरुष मिळाला आहे यात शंका नाही. पण तो केव्हा मिळाला? श्रमातून बाहेर पडल्यावर. उन्हातली बारा वर्षे ही यशोगाथेची पहिली पायरी म्हणूनच सांगण्याजोगी झाली. जो कापणीतच मेला त्याच्या थडग्यावर हे पद्य नाही. हे अपवादही अखेर नियमच स्पष्ट करतात.

३

आता गाथासप्तशतीकडे वळावे. पहिली गोष्ट जाणवते ती ही, की येथे कोणाचाच दिवस नाही. मुक्तकाच्या दोन ओळींत दिवस मावत नाही. तेथे एक क्षण मावतो, आणि तोही बहुधा कोणीतरी कोणाला तरी सांगत असते. सखी सखीला, आत्या भाचीला, सासू सुनेला, वाटसरू वाटसरूला. 'लोकजीवना'च्या अभ्यासकाने या क्षणांची बेरीज करून दिवस बनवला की गाथेचा आकृतिबंधच नाहीसा होतो, कारण क्षण निवडण्यातच तिचे सांगणे आहे.

हा क्षण बहुशः असा असतो की त्यात पुरुषाचा नित्यक्रम मोडलेला आहे. दुसऱ्या शतकातील एका गाथेत (२.६९) शेतात काही काम उरलेले नसतानाही पामर घरी परतत नाही. प्रिय पत्नी मेली आहे, आणि रिकाम्या घराचे दुःख तो टाळतो आहे. केटोच्या दासाला किती माप गहू मिळतो हे माहीत आहे. या पामराला किती धान्य पिकले हे माहीत नाही, पण संध्याकाळ झाल्यावर त्याचे पाऊल का उचलत नाही हे माहीत आहे. काम हे येथे दिवसाचे माप राहत नाही, ते दुःखाचे आवरण होते. काम संपल्यावरही शेतात रेंगाळणे, ही एवढीच कृती कवीने उचलली. आणि त्या एका कृतीने घर, शेत, वाट आणि सांजवेळ यांची सगळी रचना उलटी केली.

दुसरे उदाहरण माघातल्या थंडीचे (३.३८). पामर अंगावरचे पांघरूण विकून बैल घेतो, कारण घरी सावळ्या पत्नीच्या उराची ऊब धूर न करणाऱ्या कोंड्याच्या विस्तवासारखी आहे. शृंगाराच्या चमत्कृतीखाली येथे एक कठोर अर्थशास्त्र आहे: पांघरूण आणि बैल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी न परवडणाऱ्या माणसाचे. आणखी एका गाथेत चिखलात दिवसभर नांगर ओढून थकलेला हालिक झोपी गेला आहे आणि त्याची पत्नी पावसाळ्याला शिव्याशाप देते आहे. नांगरणीचे कष्ट येथे सांगितले जातात ते नांगरणाऱ्याच्या तोंडून नव्हे. त्या कष्टाने जिची रात्र हिरावली तिच्या तोंडून. पुरुषाच्या दिवसाचा हिशेब स्त्रीच्या रात्रीत मांडला जातो.

हेच गाथेच्या निवेदनाचे मध्यवर्ती सूत्र आहे. रोमन पुरुष आपला दिवस स्वतः मोजतो. गाथेतील पुरुषाचा दिवस दुसऱ्याच्या डोळ्यांसमोरून जातो, आणि ते डोळे बहुतेक वेळा उंबऱ्यात उभे असतात. प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची पत्नी 'आज गेला, आज गेला' असे मोजत पहिल्या अर्ध्या दिवसातच भिंत रेघांनी भरून टाकते (३.८). दुसरी एक जण वादळाने उडालेल्या छपरातून गळणाऱ्या पाण्यापासून भिंतीवर लिहिलेला परतीचा दिवस तळहातांनी झाकून धरते (२.७०). मार्शलचे तास आणि ही भिंत यांच्यातील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी पुरुषाचा काळ मोजला जातो आहे. एका ठिकाणी तो वापरणारा मोजतो, दुसऱ्या ठिकाणी वाट पाहणारी.

घरातील पुरुषाचे चित्रही याच सूत्राने घडले आहे. स्वयंपाकाच्या काजळीचा हात चेहऱ्याला लागलेल्या गृहिणीला पाहून नवरा हसतो आणि तिला कलंकित चंद्राची अवकळा आली म्हणतो (१.१३). रुसलेल्या पत्नीच्या पाया पडलेल्या नवऱ्याच्या पाठीवर लहान मुलगा चढतो आणि त्या रुसव्यातही तिला हसू फुटते (१.११). रोमन साहित्यात गृहस्थाच्या पाठीवर असे मूल चढण्याचा प्रसंग मुजऱ्याच्या आणि भोजनाच्या तासांमध्ये कोठे बसवता येईल, हे सांगणे कठीण आहे. रोमन पुरुषांना मुले आवडत नसत असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या दिवसाच्या कोष्टकात त्यासाठी रकाना नव्हता, एवढाच आहे.

आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून अमर केलेली 'धार्मिका'ची गाथाही या दृष्टीने पुन्हा वाचता येते. गोदाकाठी रोज फुले तोडायला येणाऱ्या धर्मशील पुरुषाला एक स्त्री निर्धास्त हिंडायला सांगते, कारण त्याला त्रास देणारे कुत्रे कुंजातल्या सिंहाने मारले आहे. काव्यशास्त्राने विधीतून निषेध कसा ध्वनित होतो हे दाखवले. परंतु ध्वनीच्या आधी येथे दोन दिनक्रमांची टक्कर आहे: एका पुरुषाचा पूजेचा नित्यनेम आणि एका स्त्रीचा संकेताचा नित्यनेम, दोन्ही त्याच जागी. पुरुषाच्या दिवसावर स्त्री आपल्या बोलण्याने ताबा मिळवते. कापसाच्या शेतातल्या पहिल्या नांगरणीच्या मुहूर्तावर नांगराची पूजा करणाऱ्या स्त्रीचे हात थरथरतात, त्या गाथेतही हेच घडते. नवऱ्याचे कामाचे वर्ष आणि वाढलेल्या कपाशीच्या आडोशाची तिने मनात धरलेली आस, ही दोन्ही त्या एका नांगरापाशी सुरू होतात.

४

येथपर्यंतच्या वाचनाने गाथासप्तशती ही दडपलेल्यांची वाणी आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. हा संग्रह एका राजाच्या नावावर आहे. त्याच्या पाठपरंपरा अनेक आहेत. वेबरने त्या एकत्र केल्या तेव्हा गाथांची संख्या ९६४ झाली, आणि सर्व परंपरांत समान अशा गाथा केवळ ४३० च्या आसपास निघाल्या. परंपरेने दिलेल्या कविनामांत रेवा, अनुलक्ष्मी, माधवी अशी स्त्रीनावे असली तरी बहुसंख्य नावे पुरुषांची आहेत. हेर्मन टीकेन यांनी पीटर खोरोश यांच्यासह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुवादात तर असे मत मांडले आहे की, या गाथा खेड्यातल्या नव्हेत, खेड्याविषयीच्या आहेत, आणि ग्रामीणांच्या भाबडेपणावर नागर रसिकाने केलेली ही करमणूक आहे.

हे मत सहज झटकून टाकण्यासारखे नाही. 'पामर' या शब्दाचा इतिहासच त्याला साक्ष आहे. प्राकृतात शेती करणाऱ्याला लावलेला हा शब्द आजच्या मराठीत क्षुद्र, अज्ञ, दीन या अर्थानेच उरला आहे. शेतकऱ्याचे नाव हीच शिवी व्हावी, याला नागरांची दृष्टी जबाबदार आहे यात शंका नाही. गंगाधरभट्टाच्या टीकेनेही हेच काम दुसऱ्या मार्गाने केले. प्रत्येक गाथेला 'दूती नायकाला सांगते', 'कुलटा जाराला सुचवते' अशी प्रस्तावना जोडून त्याने शेतातल्या माणसांना नायक-नायिकाभेदाच्या चौकटीत बसवले.

तरीही टीकेन यांचा युक्तिवाद एका ठिकाणी अपुरा पडतो. उपहासाला श्रेष्ठत्वाचे अंतर लागते. 'मोरेतुम'मध्ये ते अंतर आहे. सिमुलुसच्या लसणावर हसता येते कारण त्याला काही गमवावे लागत नाही. पण पत्नी मेल्यामुळे शेतातून घरी न जाणाऱ्या पामरावर कोणता नागर रसिक हसेल? तेथे नागर कवीलाच थांबावे लागले आहे. कवी कोणीही असो, राजदरबारातला असो वा खेड्यातला, मुक्तकाचा आकृतिबंध त्याला दिवस सांगू देत नाही, क्षण सांगायला लावतो. आणि संवादाचा आकृतिबंध त्याला पुरुषाच्या बाहेर उभे करतो. कवीचा हेतू काहीही असला तरी आकृतिबंधाने त्याच्याकडून त्या हेतूपलीकडचे वदवून घेतले आहे. गाथांमधील सहानुभूतीचे उगमस्थान कवीच्या वर्गात शोधण्याऐवजी तिच्या निवेदनरचनेत शोधणे म्हणूनच अधिक युक्त ठरते.

या रचनेची किंमतही मान्य केली पाहिजे. गाथेतील स्त्री पाहते, पण तिचा स्वतःचा दिवस क्वचितच कोणी पाहतो. ती सतत दुसऱ्याच्या काळाची रखवालदार आहे. भिंतीवरील रेघा पुसू नयेत म्हणून हात वर धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे हात किती दुखले, हे विचारणारी गाथा नाही.

५

कोष्टक आणि भिंत या दोन आकृतिबंधांचा प्रश्न प्राचीनांपुरता राहत नाही. आधुनिक मराठीत शेतकऱ्याच्या दिवसाचे वर्णन जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'पासून चालत आले आहे. त्यात शेतकऱ्याच्या घराचा तपशील ज्या क्रूर नेमकेपणाने येतो तो मनोरंजनासाठी नाही, आरोपपत्रासाठी आहे. पुढे ग्रामीण साहित्याने हा दिवस नित्याचा केला: पहाट, वखर, डवरा, दुपारची भाकर, संध्याकाळची परतण. त्यातील बरेचसे लेखन नकळत मार्शलच्या कोष्टकाकडे झुकले. तासांचे रकाने भरले गेले, पण कोण मोजतो आहे हा प्रश्न राहून गेला.

यवतमाळ जिल्ह्यात तो प्रश्न टाळता येत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा कापसाचा जिल्हा देशभर ओळखला गेला, आणि तेथील पुरुषाचे जीवन पुन्हा हिशेबाच्या आकृतिबंधात लिहिले जाऊ लागले. मृत्यूनंतर प्रकरण मदतीस 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवताना सातबाऱ्यावरील नाव, कर्ज आणि वसुलीचा तगादा एवढ्या रकान्यांत एक माणूस बसवला जातो. केटोच्या यादीचा हेतू विकणे हा होता, या नोंदीचा हेतू मदत करणे हा आहे. हेतूंतील हे अंतर मोठे आहे आणि ते विसरता कामा नये. परंतु जो रकान्यात मावत नाही त्याला दिवस नाही, ही आकृतिबंधाची अट दोन्हीकडे सारखीच आहे. दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून पहिल्याच रकान्यात तो बाद होतो.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा आरंभ केवळ वादाचा विषय म्हणून लक्षात ठेवणे पुरेसे नाही. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्यानंतर त्या व्यासपीठावरून उद्घाटनाचे भाषण केले ते वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी म्हणून. श्याम पेठकर यांच्या 'तेरवं' या नाटकातही मागे राहिलेल्या स्त्रिया स्वतः रंगमंचावर आल्या. निमंत्रण मागे घेण्याची घटना निषेधार्हच होती, आणि एका लेखिकेची जागा भरून काढण्यासाठी दुसऱ्या स्त्रीच्या दुःखाचा उपयोग झाला काय, ही शंकाही रास्त आहे. पण साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने तेथे आणखी एक गोष्ट घडली. पुरुषाचा मोडलेला दिवस सांगणारी व्यक्ती पुन्हा एकदा उंबऱ्यातली स्त्री होती. आणि या वेळी तिच्या तोंडी शब्द घालणारा गाथाकार मध्ये नव्हता. भिंत झाकून धरणारे हात स्वतः बोलत होते, आणि त्या हातांचा स्वतःचाही दिवस होता हे प्रथमच व्यासपीठावर येत होते.

गाथासप्तशतीचा उपयोग सातवाहनकालीन पिकांची यादी करण्यासाठी व्हायला हरकत नाही. पण ती यादी हाती आल्यावर गाथा संपत नाही. रोमन साहित्याच्या शेजारी ठेवून वाचली असता ती मराठी समीक्षेला एक कसोटी देते. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, कोणत्याही राबणाऱ्या पुरुषाच्या दिनक्रमाचे चित्रण समोर आले की त्यातील तपशील किती खरा हे पाहण्याबरोबरच तीन गोष्टी विचाराव्यात: हा काळ कोणी मोजला आहे, मोजण्याचा आकृतिबंध कोष्टकाचा आहे की क्षणाचा, आणि जो मोजतो त्याला स्वतःचा दिवस दिला गेला आहे काय. ग्रामीण साहित्याच्या गेल्या शंभर वर्षांचे पुनर्वाचन या तीन प्रश्नांच्या आधारे होणे अगत्याचे आहे.